शंभरातले एकोणसाठ

मित्रांनो, दुरून पाहाल तर तुम्हाला वाटेल, हा कुणीतरी टाकून दिलेला फ्रिज आहे. पुष्कळांना तसेच वाटते. मागच्या महिन्यात एका हमालाने पाण्याची बाटली गार करायला माझ्यात ठेवली होती. संध्याकाळी ती कोमटच निघाली, तेव्हा त्याने माझ्या दारावर एक थाप मारली आणि तो निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. महिनाभरात मला हात लावणारा तो एकटाच होता.

मी फ्रिज नाही. मी एक जुना जर्मिनेटर आहे. बियाणे शेतात जाण्याआधी ते उगवते की नाही, हे पाहण्याची पेटी. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ती माझ्यात उभी ठेवायची आणि आठ दिवस वाट पाहायची. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडली की धडधाकट रोपे मोजायची. शंभरातली जेवढी निघतील तेवढी त्या बियाण्याची उगवणशक्ती. सोयाबीनचे निदान सत्तर दाणे उगवले पाहिजेत, असा नियम आहे. त्याहून कमी उगवले तर ते बियाणे म्हणून विकता येत नाही. माझे काम एवढेच. या साध्या कामापायी मी आज गोदामात कसा आलो, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ज्या मिस्त्रींनी मला बनवले ते मोठे काटेकोर गृहस्थ होते. अंगाला दुहेरी पत्रा, दाराला काच, आत जाळीचे आठ कप्पे, तळाशी पाण्याचा ट्रे आणि पाठीमागे एक लहानसा पंखा. सगळे झाल्यावर त्यांनी माझ्या पोटात थर्मामीटर टांगला आणि तीन दिवस दर तासाला ते डोकावून गेले. पारा पंचवीस अंशांवरून हलला नाही, तेव्हाच त्यांनी मला टेम्पोत चढू दिले.

मला विकत घेणारे रामराव हे कुंभार पिंपळगावच्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांची बियाण्यांची लहानशी कंपनी होती. दोन खोल्या, एक गोदाम आणि आठ माणसे. सगळे त्यांना आबा म्हणत. माझ्याआधी आबा गोणपाटात बी तपासत. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, वळकटी करायची आणि रोज पाणी शिंपडायचे. मी आल्यावरही त्यांनी वर्षभर दोन्ही करून पाहिले. माझा आकडा आणि गोणपाटाचा आकडा जवळजवळ सारखाच येई. मग एके दिवशी त्यांनी माझ्या माथ्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितले, “आजपासून पेटी सांगंल ते बराबर. मी सांगंल ते न्हाई.”

मित्रांनो, एवढा मान फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येतो.

आबांनी तो शब्द पाळला. एकदा सोयाबीनचा एक ट्रक भरून बीडकडे निघाला होता. त्याच दुपारी त्या मालाच्या दुसऱ्या नमुन्याची गुंडाळी उलगडली, तर त्यात फक्त चौसष्ट रोपे निघाली. गोदामाच्या एका कोपऱ्यात पाणी झिरपले होते आणि तिथली पोती आतून ओलावली होती. आबांनी जेवणाचे ताट तसेच ठेवले आणि जीप काढली. ट्रक त्यांना शहागडला सापडला. गोदावरीच्या पुलाअलीकडे एका हॉटेलावर ड्रायव्हर भजी खात बसला होता.

तो म्हणाला, “आबा, पिशव्यांवर तर शिक्का लागलाय.”

आबा म्हणाले, “शिक्का मी लावलाय, मीच काढतो. खा ती भजी जल्दी, आन् गाडी फिरव.”

ही हकिगत मला गिरिजाबाईंनी सांगितली. म्हणजे त्या मला सांगत नसत, नव्याने कामाला आलेल्या प्रत्येकाला सांगत. मी ऐकत असे. गिरिजाबाई प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. दाणे मोजणे, कागद भिजवणे, गुंडाळ्या करणे ही कामे त्यांची. त्या मला ‘बाळंतिणीची खोली’ म्हणत. दार उघडताना त्यांचा आवाज आपोआप हळू होई. वीज गेली की त्या ओली पोती माझ्या अंगावर टाकत आणि म्हणत, “सोस बाबा जराक. लेकरं हायेत आत.”

पुढे सुमेधा आली. ती शहागडची, एका शाळामास्तरांची मुलगी. वनस्पतिशास्त्र शिकून तपासनीस म्हणून रुजू झाली, तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची असेल. पहिल्या दिवशी तिने माझे आठही कप्पे बाहेर काढून घासले. मोजताना ती रोपांना बोटाने हलकेच बाजूला करी आणि ओठांतल्या ओठांत आकडा पुटपुटे. वाकडे, अर्धवट किंवा बुरशी धरलेले रोप दिसले की क्षणभर थांबे आणि ते मोजणीतून वेगळे काढी. गिरिजाबाई तिला म्हणत, “म्याडम, घ्या की त्याला बी. जगंल बिचारं.” सुमेधा हसून म्हणे, “मावशी, इथं जगंल हो. रानात कसं जगंल?”

त्या दोघी माझ्यासमोर बसून डबा खात. ती वर्षे माझी फार सुखात गेली. माझ्या पोटात सदा ओलावा असे आणि हिरवा वास असे. सुखाचे दिवस मोजायचे असतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

आबा वारले आणि कंपनी त्यांच्या मुलाकडे, कल्याणशेठकडे आली. कल्याणशेठ वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीतली चूक करणारी माणसे नेहमी मोठ्या मिशांची आणि लाल डोळ्यांची असतात असे तुम्हाला वाटत असेल. ते नम्र होते, शिकलेले होते. त्यांनी नवी इमारत बांधली, कामगारांसाठी थंड पाण्याची सोय केली. आठ माणसांची ऐंशी झाली. आबांचा मोठा फोटो दारात लागला. फक्त आठव्या दिवशी गुंडाळी उलगडताना ते कधी आले नाहीत. कागदावरचा आकडा तेवढा त्यांच्या टेबलावर जाई.

मग ते वर्ष आले. सोयाबीन काढणीला आले असताना आठवडाभर पाऊस पडला. शेंगा झाडावरच भिजल्या, दाणे फुगले आणि पुन्हा वाळले. वरून ते चांगले दिसत, पण आतला कोंब दुबळा झाला होता. उन्हाळ्यात त्या बियाण्याचा नमुना माझ्याकडे आला. शंभर-शंभर दाण्यांच्या चार गुंडाळ्या. पहिल्या दोन दिवसांतच माझ्या लक्षात आले की आत काहीतरी चुकते आहे. निरोगी बी पाणी पिते तेव्हा त्याची साल तटतटते. हे दाणे पाणी पीत होते आणि मऊ पडत होते.

आठव्या दिवशी सुमेधाने चारही गुंडाळ्या उलगडल्या. एकीत एकसष्ट, एकीत सत्तावन्न, उरलेल्या दोन्हींत एकोणसाठ. सरासरी एकोणसाठ. तिने दोनदा मोजले आणि तेवढाच आकडा लिहिला.

तासाभराने कल्याणशेठ स्वतः खाली आले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना प्रयोगशाळेत पाहत होतो.

“मॅडम, एकोणसाठ? परत लावा.”

तिने परत लावले. आठ दिवसांनी अठ्ठावन्न निघाले.

“दाणे कसे घेता तुम्ही?” त्यांनी विचारले.

“पोत्यातून येतील तसे, साहेब. लहान, मोठे, सुरकुतलेले, सगळे.”

“सुरकुतलेले कशाला घ्यायचे? टपोरे बघून निवडा आणि लावा.”

सुमेधाने हातातला चिमटा खाली ठेवला. “निवडून लावले तर ती बियाण्याची परीक्षा राहत नाही, साहेब. माझ्या बोटांची होते. शेतकरी काही पिशवीतून निवडून पेरत नाही.”

“मॅडम, यंदा सगळ्यांचंच बी भिजलंय. बाजारात सगळे असंच करून राह्यले. आपण एकट्यानंच नियम धरून बसायचं का? दुकानदारांना शब्द देऊन झालाय. अन् पाऊस बराबर पडला तर साठाचे सत्तर होतात.”

“आणि नाही पडला तर?”

त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. ते माझ्याकडे असे पाहत होते, जणू एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच दिसलो.

“ही पेटीच जुनी झालीय,” ते म्हणाले. “हिचं टेंपरेचर बिलकुल खरं नसणार.”

सुमेधाने माझे दार उघडून आतला थर्मामीटर त्यांच्यासमोर धरला. “पंचवीस आहे, साहेब.”

“मग थर्मामीटर पण जुना असंल.”

खोलीत चौघेजण आणखी होते. गिरिजाबाई होत्या, एक लिहिणारा कारकून होता, नमुने आणणारे दोघे होते. त्या सगळ्यांनी माझा पारा वर्षानुवर्षे पाहिला होता. एकजणही बोलला नाही. गिरिजाबाई कागद भिजवत होत्या. भिजलेलाच कागद त्या पुन्हा पुन्हा भिजवत राहिल्या. सुमेधाने एकदा त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या काचेवर एक कागद चिकटवला गेला. काळ्या शाईत, मोठ्या अक्षरात लिहिले होते: ‘नादुरुस्त’.

मित्रांनो, मला ठोकले असते, विकले असते, मोडीत काढले असते, तरी मी सोसले असते. पण ज्याने जन्मभर खरे तेच सांगितले, त्याच्या छातीवर ‘हा खोटा आहे’ असे लिहून ठेवले, तर त्याने काय करावे? मला तोंड नाही. माझ्याजवळ जे बोलणे होते ते त्या गुंडाळ्यांत होते, आणि गुंडाळ्या कचऱ्यात गेल्या होत्या.

नव्या, वाढीव आकड्याच्या कागदावर सुमेधाने सही केली नाही. तिला माल चढवण्याच्या विभागात पिशव्यांवर लक्ष ठेवायला पाठवले. त्याच बियाण्याच्या पिशव्या तिच्यासमोरून जाऊ लागल्या, तेव्हा तिने राजीनामा दिला. जाताना ती प्रयोगशाळेत आली. माझा ट्रे काढून तिने पाणी ओतून दिले, तो कोरडा पुसला, जागच्या जागी ठेवला आणि दार लावले. कुणाशी बोलली नाही. कुणी तिला फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाही.

मला हातगाडीवरून गोदामात आणले. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे, भिंतीकडे तोंड करून मला उभे केले. माझ्या जागी नवे यंत्र आले, अंगावर हिरवे आकडे चमकणारे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्याला जे दाणे दिले गेले ते त्याने इमानाने उगवून दाखवले.

गोदामातले दिवस कसे असतात, ते सांगणे कठीण आहे. माझा पंखा थांबला, तसा माझा श्वासच थांबला. ओलाव्याची सवय झालेल्या अंगाला कोरडेपणा टोचू लागला. कप्प्यांत कोळ्याने जाळे विणले. पत्र्यावर ऊन तापे आणि माझे पोट पंचवीसचे चाळीसवर जाई. थर्मामीटर तर त्यांनी आधीच काढून नेला होता, त्यामुळे ते पाहणारेही कुणी नव्हते. भिंतीला एक भेग होती. दिवसभर मी ती भेग पाही. पलीकडे हमालांच्या पावलांचा आवाज येई, पिशव्या धपधप पडत, ट्रक सुरू होत. त्या पिशव्यांत काय आहे, हे त्या अख्ख्या आवारात मला ठाऊक होते, आणि माझे तोंड भिंतीकडे होते.

एकदा गिरिजाबाई कागदांचे गठ्ठे न्यायला आल्या. मला पाहून त्या थबकल्या. गठ्ठा बाजूला ठेवून त्या खाली बसल्या आणि माझ्या पाठीच्या पत्र्याला टेकल्या. किती दिवसांनी माणसाची ऊब लागली!

“माझ्याच बोटानं निवडले रे,” त्या हळूच म्हणाल्या. “साहेब म्हणले, मावशी, टपोरे बघून लावा, न्हाई तर घरी बसा. आकांक्षाचं शिक्षण चालू हाये. मी काय करू? एक दाणा घ्यायचा, एक सोडायचा. एक घ्यायचा, एक सोडायचा. अठ्ठ्याहत्तर आले बघ.”

आकांक्षा ही त्यांची मुलगी. तिला परिचारिका व्हायचे होते. मी गिरिजाबाईंना काय सांगणार? मी रागावलो होतो का? हो, थोडा रागावलो होतो. पण त्या उठून गेल्या तेव्हा पाठीवरची ऊब हळूहळू विझली, आणि राग विझून गेला.

जूनमध्ये पेरण्या झाल्या. पाऊस बऱ्यापैकी पडला होता. त्याला दोष देता येण्यासारखे नव्हते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी आवारात मोटारसायकलींचे आवाज आले. वीस-बावीस शेतकरी आले होते. त्यांच्या पुढे होते आष्टीचे कडूबा. ते अठरा वर्षे याच कंपनीचे बियाणे पेरत होते. गोदामाचे मोठे दार उघडेच होते, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

“शेठ, रानात चला,” कडूबा म्हणाले. “पेरणीच्या तासात बोटभर उगलंय, हातभर मोकळं हाये. निम्मं रान उघडं पडलंय.”

“काका, पेरणी खोल झाली असंल,” कल्याणशेठ म्हणाले.

“खोल? तीस वर्षं पेरून राह्यलो मी. सगळ्या आष्टीनं यंदाच खोल पेरलं का?”

“आमच्याकडं तपासणीचा कागद आहे. अठ्ठ्याहत्तर टक्के.”

कडूबांचा आवाज खाली आला. तो खाली आला म्हणूनच मला तो आजही आठवतो. “दरसाल मी घरी गोणपाटात शंभर दाणे टाकून पाहतो, शेठ. कोणाचं बी असू द्या. फक्त तुमची पिशवी मी कधी तपासली न्हाई. म्हणलं, आबाची पिशवी हाये. आबाला कामून तपासायचं?”

कल्याणशेठ घाईघाईने म्हणाले, “एक जुनी पेटी होती, तिनं कमी आकडा दाखवला होता, ते कुणी तुमच्या कानावर घातलं असंल. पण ती बिघडली होती. म्हणून तर काढून टाकली.”

“साहेब.”

तो आवाज गिरिजाबाईंचा होता. त्या प्रयोगशाळेच्या पायऱ्या उतरून आल्या होत्या.

“साहेब, ते अठ्ठ्याहत्तर बियाचे न्हाईत. माझ्या बोटाचे हायेत. तुम्ही म्हणलात, मी निवडले.” त्यांची पावले गोदामाच्या दाराकडे आली. “पेटी बिघडली न्हाई. तिच्यात लावून बघा. बिघडली का चांगली, आठ दिवसात कळंल की.”

कल्याणशेठ म्हणाले, “मावशी, तुम्ही आत जा.”

“जात न्हाई, साहेब. म्याडम उभ्या राह्यल्या तवा मी खाली मान घातल्ती. आज घालत न्हाई.”

कडूबांनी मोटारसायकलीवरची अर्धी पिशवी काढली. बांधाकडच्या तुकड्यासाठी त्यांनी ती राखून ठेवली होती, तिची अर्धी शिलाई अजून शाबूत होती. एक शेतकरी आष्टीला जाऊन त्यांच्या घरचे सोयाबीन घेऊन आला, गोणपाटात पारखलेले. दोन्ही माझ्यात लावायचे असे ठरले. पेटी खोटी असेल तर घरचे बीही कमी उगवेल. पेटी खरी असेल तर फरक दिसेल. एवढ्या लोकांसमोर कल्याणशेठांना नाही म्हणता आले नाही. तोपर्यंत कृषी खात्यात तक्रारही गेली होती, आणि तिकडचा एक माणूस समोर उभा होता.

मला फिरवून सरळ केले आणि गोदामालगतच्या एका रिकाम्या खोलीत नेले. गिरिजाबाईंनी जाळी झाडली, ट्रेत पाणी भरले, थर्मामीटर आणून टांगला. या वेळी दाणे डोळे मिटून मुठीने काढले. खोलीला दोन कुलुपे लागली, एक कंपनीचे आणि एक कडूबांचे.

बटण दाबले, आणि माझा पंखा फिरला नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मी जेवढा घाबरलो तेवढा कधी घाबरलो नाही. कल्याणशेठांच्या चेहऱ्यावर किंचित सुटका दिसली. गिरिजाबाईंनी मागे हात घालून पात्याला अडकलेला सुतळीचा तुकडा काढला. पंख्याने एक आचका दिला आणि तो फिरू लागला.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत अवघड दिवस होते. तापमान राखणारी माझी कॉइल जुनी झाली होती. पाचव्या दिवशी चार तास वीज नव्हती. कडूबा रोज सकाळी आष्टीहून येत, कुलूप पाहत, दाराशी घटकाभर बसत आणि जात. पण अवघड होते ते दुसरेच. माझ्या पोटात आलेले प्रत्येक बी उगवावे, असे मला वाटते. मी त्यासाठीच आहे. खालच्या कप्प्यात कडूबांच्या घरचे दाणे भराभरा कोंब काढत होते. वरच्या कप्प्यात कंपनीच्या पिशवीतले दाणे मऊ पडत होते. एकेका दाण्याला मी मनातून म्हणत होतो, ऊठ, ऊठ. आणि तो खरेच उठला असता तर मी खोटा ठरलो असतो, सुमेधा खोटी ठरली असती. तरीही मी त्यांना ऊठच म्हणत राहिलो. तापमान मी अर्ध्या अंशानेही हलू दिले नाही. जे उगवायचे ते उगवेल, जे नाही ते नाही. त्यात माझी इच्छा मिसळायची नाही, हे मिस्त्रींनी माझ्या पत्र्यातच घातलेले आहे.

आठव्या दिवशी खोलीत उभे राहायला जागा नव्हती. गिरिजाबाईंच्या निरोपावरून सुमेधाही शहागडहून आली होती. ती दाराशी मागे उभी राहिली. मोजायला तिला सांगितले, तर ती म्हणाली, “मी नको. कडूबाकाकांनी मोजावं.”

कडूबांनी जाड बोटांनी एकेक रोप उचलून बाजूला ठेवले. घरचे बी: एक्क्याण्णव. कंपनीचे बी: अठ्ठावन्न.

“पेटी बराबर हाये,” कडूबा एवढेच म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. ते जिंकले होते, पण त्यांचे रान तिकडे उघडेच होते.

गिरिजाबाईंनी माझ्या काचेवरचा कागद ओरबाडून काढला.

पुढे काय झाले ते सांगतो. कल्याणशेठांनी त्या सगळ्यांसमोर चूक कबूल केली. उरलेल्या पिशव्या दुकानांतून परत मागवल्या आणि आलेल्या शेतकऱ्यांना भरपाई दिली. एका हंगामासाठी कंपनीची सोयाबीनची विक्री बंद झाली. पण सोयाबीन पुन्हा पेरायची वेळ निघून गेली होती. कुणी तूर टोकली, कुणी रान तसेच ठेवले. लांबच्या गावांतल्या कित्येकांना तर यातले काही कळलेच नाही. आपलीच पेरणी चुकली, असे समजून ते गप्प बसले असतील. त्यांची आठवण मला अजूनही येते, आणि त्यांची नावेही मला ठाऊक नाहीत.

कल्याणशेठांनी सुमेधाला परत यायला सांगितले. माझ्यासमोरच सांगितले.

ती म्हणाली, “साहेब, आज तुम्ही बोलावता, कारण आज सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशीही सगळ्यांनी पाहिलंच होतं. तरी मी एकटीच होते.”

गिरिजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. सुमेधाने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “मावशी, तुम्ही बोललात. मला ते पुष्कळ झालं.” मग ती शहागडच्या गाडीसाठी निघाली. ती तिकडे एका शाळेत विज्ञान शिकवते, असे गिरिजाबाई म्हणत होत्या. त्या अजून प्रयोगशाळेतच आहेत. आता तिथे दाणे डोळे मिटून मुठीने काढले जातात. कल्याणशेठ आठव्या दिवशी स्वतः येऊन बसतात, असेही ऐकतो.

आणि मी? मला वाटले होते, आता मला माझ्या जागी नेतील. तसे झाले नाही, मला परत गोदामातच आणले. एकदा कल्याणशेठ गोदामात आले होते. माझ्यासमोर जरा वेळ उभे राहिले, त्यांनी माझ्या दारावर बोट फिरवले, धूळ पाहिली आणि ते खाली बघत निघून गेले. मी त्यांना समजू शकतो. ज्याच्यासमोर आपण खोटे बोललो, त्याला रोज पाहणे सोपे नसते. मी चांगला आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मला कुणी बोलावत नाही. खरे ठरणे आणि कुणाला हवे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी इथे शिकलो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी कारखान्यात जाल, कुणी दुकानात, कुणी दवाखान्यात. तिथे कधीतरी तुमच्यासमोर एखादे माणूस उभे राहून नको असलेला आकडा सांगेल. ते मोठ्या आवाजात सांगणार नाही. सगळे आपापल्या कामात मान घालतील. त्याच्यासारखे धाडस तुम्हाला जमेलच असे नाही, आणि ते जमले नाही म्हणून मी तुम्हाला नावे ठेवणार नाही. माझे मागणे फार लहान आहे. तेवढ्यापुरते हातातले काम खाली ठेवा, उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.